वस्तऱ्याने दाढी शिकतोय : चार महिन्यांचा अनुभव आणि काही प्रश्न

मुठेकाठ

मंडळी, गुढीपाडव्याला पहिल्यांदा वस्तरा गालाला लावला, आता आषाढ संपत आलाय. मधल्या काळात ऐंशी-नव्वद दाढ्या झाल्या असतील. पहिल्या वीस वाईट, पुढच्या वीस बऱ्या. आता आठवड्यातले पाच दिवस मी दुसऱ्या कशाला हात लावत नाही. जे जमलं ते सविस्तर लिहितो, जे अजून अडतंय ते शेवटी विचारतो. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

आधी शब्द स्पष्ट करतो. मी ज्याबद्दल लिहितोय तो घडीचा, अखंड पोलादी पात्याचा वस्तरा, ज्याची धार आपण सांभाळायची. सलूनमध्ये ब्लेड मधोमध मोडून अर्धं बसवतात, त्याला शेवेट म्हणतात. दोन्ही दिसायला सारखे, पण हाताला फार वेगळे लागतात.

माझा वस्तरा जर्मनीतल्या झोलिंगेनचा, वापरलेला, ऑनलाइन घेतलेला. रुंदी पाच अष्टमांश इंच, म्हणजे साधारण १६ मिमी. टोक गोल आहे. नवशिक्याने गोल टोकाचाच घ्यावा, चौकोनी टोक कानाच्या पाळीत आणि नाकपुडीच्या कडेला रुततं. विकणाऱ्याने 'दाढीला तयार' असं लिहिलं होतं. तसा तो नव्हता. पहिले तीन आठवडे केस कापले जायचेच नाहीत, ओढले जायचे. रात्रीपर्यंत गळ्याची आग व्हायची. मला वाटत होतं की माझा हातच चुकतोय, म्हणून मी अजून दाबून फिरवायचो आणि अजून सोलवटून निघायचो. शेवटी आमच्या पेठेतल्या सलूनवाल्या काकांना नेऊन दाखवला. त्यांनी मनगटावरच्या केसांवरून एकदा फिरवला आणि म्हणाले, "अहो, याला धारच नाही. हाताला कशाला दोष देताय?" नवीन शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिलं सांगेन. धारेची खात्री झाल्याशिवाय स्वतःच्या हाताबद्दल काहीही मत बनवू नका.

नीट धार लावून आणली, आणि दहा दिवसांत ती मी पट्ट्यावर घालवली. चामड्याच्या पट्ट्यावर पाठ (पात्याची जाड, बिनधारेची कड) पुढे, धार मागे असं न्यायचं असतं हे माहीत होतं. पण टोकाला पोचल्यावर उलटवताना मी पातं उचलून फिरवत होतो, त्यात क्षणभर धार आधी टेकायची. वळताना पाठ चामड्याला चिकटलेलीच राहायला हवी, धारेने पाठीवरून कूस बदलावी तशी. पट्टाही मी सैल धरत होतो. चामडं झोळीसारखं लोंबलं की धार त्याला गुंडाळली जाते आणि गोल होते. आता रोज दाढीआधी कॅनव्हासवर ३० आणि चामड्यावर ६० फेऱ्या करतो. वेग वाढवायचा मोह टाळतो.

आता दाढीबद्दल. पहिले पंधरा दिवस फक्त दोन गाल, वरून खाली, एकदाच. उरलेला चेहरा जुन्या रेझरने. पकड अशी: दांडीवर वरून तीन बोटं, खालून अंगठा, करंगळी मागच्या शेपटीच्या वळणात. पातं गालावर सपाट टेकवायचं आणि मग पाठ तिच्याच दोन जाडींइतकी उचलायची. साधारण ३० अंश होतात. जास्त उचललं तर खरवडतं, कमी असलं तर ओढतं.

पण या चार महिन्यांत माझं सगळ्यात जास्त लक्ष गेलं ते डाव्या हाताकडे, म्हणजे ज्यात वस्तरा नसतो त्या हाताकडे. उजव्या गालाला डावा हात डोक्यावरून आणून बोटं कानशिलावर ठेवायची आणि कातडी वर ओढून धरायची. कातडी सैल असेल तर पात्याच्या पुढे एक बारीकशी लाट उठते. आरशात नीट पाहिलं तर दिसते. ती दिसली की तिथेच थांबायचं, पातं उचलायचं, पुन्हा ताण द्यायचा. कापतं ते त्या लाटेच्या माथ्यावर. बोटं फेसाने निसटतात, म्हणून मी ओल्या तुरटीवर बोटं घासून घेतो, पकड छान येते. ताण बरोबर असेल तर हाताला जोर लावावाच लागत नाही आणि खुंट कापले जाताना एकसारखा बारीक आवाज येतो, परातीतल्या रव्यावरून बोट फिरवावं तसा. तो आवाज बदलला की कोन बदललाय हे कानाला कळतं. मला आता हाताआधी कानाला कळतं.

एक अपघातही सांगतो. तेविसाव्या दिवशी हनुवटीजवळ पातं टेकलेलं असताना फोन वाजला आणि मी मान वळवली. पातं धारेच्या लांबीच्या दिशेने सरकलं. सुरीने टोमॅटो चिरतो तीच हालचाल. सेंटिमीटरभर चिरलं, वीस मिनिटं रक्त थांबेना. तेव्हापासून फोन बाहेरच्या खोलीत आणि न्हाणीघराला आतून कडी.

प्रश्न तीन:
हनुवटीच्या गोलाईवर अजून केस राहतात. काय करावं?
पावसाळा सुरू झाल्यापासून पात्यावर तांबूस ठिपके यायला लागलेत. तुम्ही काय लावता?
धार घरी लावायला शिकावी का, की वर्षातून दोनदा कुणाला द्यावी?

वाघोलीकर

सुंदर लिहिलंय. मी महिनाभर शेवेटवर आहे. माझी अडचण वेगळीच आहे. आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी. फेस होतो, पण अर्धा गाल होईस्तोवर बसतो आणि पांढरा साका राहतो. साबण बदलला, ब्रश बदलला. आईकडे सदाशिव पेठेत गेलो की त्याच साबणाचा फेस दह्यासारखा घट्ट होतो. कुणाला असा अनुभव?

धोकटी

वाघोलीकर, साबण बदलू नका, पाणी बदला. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त. साबण त्यांच्याशीच संयोग पावून साका होतो, फेसाला उरतच नाही. आईकडे खडकवासल्याचं पाणी येतं, ते मऊ आहे. रोज एक वाटी आरओ फिल्टरचं पाणी गरम करून घ्या, ब्रश त्यातच भिजवा, फेस त्यातच करा. चेहरा धुवायला नळाचं चालेल. वस्तरा मात्र शेवटी त्या वाटीतल्याच पाण्याने धुवा, नाहीतर क्षारांचे डाग पडतात आणि गंज तिथूनच धरतो.

मुठेकाठ, तुमचा धागा मी दोनदा वाचला. आमचं घर नाभिकांचं. आजोबा मुळशी तालुक्यात धोकटी, म्हणजे हत्यारांची पिशवी, घेऊन घरोघर जायचे, सुगीला बलुतं मिळायचं. वडिलांनी पुण्यात दुकान टाकलं. मी नोकरी करतो, पण दुकानाच्या बाकावर बसून जे पाहिलं ते विसरलेलो नाही. आजोबांच्या धोकटीत दोन वस्तरे, निसणा (धार लावायचा दगड), चामड्याचा पट्टा, वाटी, तुरटी, नराणी (नखं काढायचं हत्यार) आणि कात्री, इतकंच असायचं. पुढे एड्सबद्दल लोकांना कळायला लागलं तसं दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड हा नियम झाला आणि वडिलांनी दोन्ही वस्तरे कापडात गुंडाळून ठेवून दिले. नियम योग्यच होता. त्यातला एक आता माझ्याकडे आहे.

तुमच्या लिहिण्यातली डाव्या हाताची गोष्ट वाचून मला वडील आठवले. ते शिकाऊ मुलाला आधी वस्तरा देतच नसत. महिनाभर फक्त फेस लावायचा आणि कातडी ताणून धरायची, कापायचं त्यांनी. मुलाच्या बोटांना चेहरा पाठ झाला की मग हातात वस्तरा. घरी शिकणाऱ्याला हे करता येतं: वस्तरा मिटलेला ठेवून आठवडाभर आरशापुढे नुसते हात कुठे जातात त्याचा सराव करायचा. फुगा फुगवून त्यावर फेस लावायचा आणि शेवेटने तो काढायचा, हाही सराव उत्तम. कोन चुकला की लगेच कळतं. पट्ट्याचा हात बसवायला लोण्याची बोथट सुरी घ्या, म्हणजे धार आणि चामडं दोन्ही वाचतं.

आता हनुवटी. तिला एका फटक्यात काढायला जाऊ नका. खालचा ओठ दातांवर आत ओढून घ्या, म्हणजे हनुवटी सपाट होते. मग मधला भाग वेगळा, डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. प्रत्येक हालचाल अर्ध्या इंचापेक्षा मोठी नको. जबड्याचं हाड ओलांडताना पातं हाडावरून नेऊ नका, कातडी गालाकडे ओढून घ्या, म्हणजे जबड्यावरचा भाग सपाटीला येतो आणि पातं तिथेच राहतं.

गळ्याला आग होते म्हणालात. गळ्यावरचे केस सरळ खाली वाढत नाहीत. कुणाचे वर जातात, कुणाचे कंठाजवळ आडवे, कुणाला मानेच्या बाजूला भोवरा असतो. दाढी न करता एक दिवस जाऊ द्या आणि खुंटावरून कापसाचा बोळा फिरवा. जिकडे तंतू अडकतात ती उलटी दिशा. कागदावर चेहरा काढून बाण मारून ठेवा. पहिले तीन महिने उलटा हात मारूच नका, विशेषतः गळ्याला.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: वस्तरा हातातून सुटला तर झेलायला जायचं नाही. पाय मागे घ्यायचे आणि पडू द्यायचा. पातं गेलं तर दुसरं येईल. बेसिनमध्ये जुना टॉवेल घडी करून ठेवा. धार नळाला टेकली तरी कपची उडते.

पानशेत

वेगळं मत मांडतो. नवशिक्याला अखंड वस्तरा सांगूच नये. शेवेट घ्या, ब्लेड मोडा, बसवा, दाढी झाली की टाकून द्या. धार, निसणा, पट्टा या तिन्ही कटकटी संपतात. जिलेटने केलं ते हेच ना! १९०३ मध्ये त्यांचे फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकले गेले, पुढच्याच वर्षी ९० हजारांवर रेझर. लोकांना धार लावायचा कंटाळाच होता. मी सहा वर्षं शेवेट वापरतो, कसबा पेठेतून दर महिन्याला ब्लेडचं पाकीट आणतो, मजेत आहे.

मुठेकाठ

पानशेतदादा, मीही शेवेटवर दोन आठवडे काढले आहेत आणि ज्यांना वस्तरा जमेल की नाही हे आधी पाहायचंय त्यांनी तिथूनच सुरुवात करावी, हे मान्य. पण शेवेट सोपा आहे असं मात्र मला वाटत नाही. ब्लेड ताजं असतं तेव्हा फार अधाशी असतं. पातं हलकं, त्याला वजन नाही, त्यामुळे आपणच दाब देतो, आणि ब्लेडच्या दोन्ही कोपऱ्यांची टोकं तीक्ष्ण राहतात. मला जास्त बारीक कापे शेवेटनेच झाले. अखंड वस्तऱ्याचं वजन स्वतःच काम करतं आणि पट्ट्यावर घासलेली धार कातडीला मऊ लागते. मला स्वतःला पट्ट्यावरची ती तीन मिनिटं आवडतात, हेही कारण आहेच. सकाळी साडेसहाला घरात कुणी उठलेलं नसतं आणि चामड्यावरचा तो सपक सपक आवाज सुरू असतो.

धोकटीदादा, तुमचा प्रतिसाद मी छापून आरशाशेजारी लावलाय. ओठ आत ओढून हनुवटी आजच केली. पहिल्यांदा तिथे बोट फिरवल्यावर काही अडकलं नाही.

टूलरूम

भोसरीत टूलरूममध्ये २२ वर्षं आहे. वस्तरा माझा अलीकडचा नाद, पण धार हा रोजचा विषय, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर लिहितो.

वस्तरा बनवणाऱ्याने धारेचा कोन आधीच ठरवून ठेवलेला असतो. निसण्यावर पातं पूर्ण सपाट ठेवायचं, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरून कोन आपोआप येतो. समजा पाठ ४.८ मिमी आणि रुंदी १६ मिमी, तर दोन्ही बाजू मिळून कोन १७ अंशांच्या आसपास. स्वयंपाकघरातली सुरी ३० ते ४० अंशांची असते. म्हणजे वस्तऱ्याला आपण कोन 'धरायचा' नसतो, पाठ उचलायची नाही एवढंच सांभाळायचं असतं. ज्यांनी कधीकाळी पाठ उचलून धार लावली त्यांच्या पात्यावर दोन कोन पडलेले दिसतात, आणि असा वस्तरा कितीही घासा, दाढी करत नाही. मुठेकाठ यांना विकलेला वस्तरा बहुधा तसा असावा.

दगडांचा क्रम: पायाची धार १०००च्या ग्रिटवर (ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक), मग ४००० किंवा ५०००, मग ८०००, शेवटी १२००० किंवा त्याच्या तोडीचा नैसर्गिक दगड. बेल्जियमचा कोटिक्युल यासाठी नावाजलेला आहे. नव्वद टक्के काम १००० वर होतं. दोन्ही बाजूंचे उतार टाचेपासून (धारेचं दांडीकडचं टोक) पुढच्या टोकापर्यंत एका रेषेत भेटले नाहीत तर पुढचे दगड नुसतं चकाकी देतात. तपासायला सोपा उपाय: धारेच्या दोन्ही बाजूंना मार्करने रंग लावा, दगडावर एक-दोन हलके हात मारा आणि भिंगातून पहा. जिथे रंग राहिला तिथे दगड पोचलेला नाही. दाब अगदी शेवटी पात्याच्या वजनाइतकाच.

दगड सपाट आहे का ते आधी पहा. जाड काचेवर पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर पसरा, दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासा. पेपर बोहरी आळीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मधे खोलगट झालेला दगड वस्तऱ्याची वाट लावतो.

हात जोडून एक विनंती. सायकलवर चाक बसवून धार लावत फिरणाऱ्यांकडे वस्तरा देऊ नका. ती माणसं कष्टाची आहेत, विळी आणि कात्री उत्तम करतात. पण कोरड्या फिरत्या चाकावर वस्तऱ्याची कागदासारखी धार क्षणात तापते. एकदा धारेला निळसर झाक आली की पोलादाचं पाणी उतरलं समजा. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय ती पुन्हा टिकत नाही.

म्हणून माझा सल्ला: पहिलं वर्ष धार जाणकाराकडून लावून घ्या, तुम्ही फक्त पट्टा शिका. पट्टा नीट असेल तर तीन-चार महिने दगडाची गरज पडत नाही. ओढायला लागली की हिरव्या क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावलेल्या वेगळ्या पट्ट्यावर दहा फेऱ्या मारा, अजून महिना निघतो. रोजच्या पट्ट्याला ती पेस्ट लावू नका. दुसऱ्या वर्षी जुन्या बाजारातून एखादा स्वस्त वस्तरा घेऊन त्याच्यावर दगड शिका.

गंज: पुण्याच्या पावसाळ्यात वस्तरा न्हाणीघरात ठेवायचाच नाही. दाढी झाली की पाण्याखाली धुवा, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, मुठीच्या आतली खाच विसरू नका, तिथलं पाणी दिसत नाही. दहा मिनिटं उघडा ठेवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटांनी दोन्ही बाजूंना फिरवा. कपाटात ठेवा. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. आत्ता आलेले ठिपके वरवरचे असतील तर मेटल पॉलिशने जातील. धारेवर ठिपका असेल तर मात्र दगडावरच जायला हवा.

वाघोलीकर

फिल्टरच्या पाण्याने फेस शेवटपर्यंत टिकला! एक महिना मी साबणांवर पैसे घालवत होतो.

टूलरूमकाका, जुन्या बाजारात रविवारी गेलो होतो. एकाकडे चार वस्तरे होते. एकाची मूठ पिवळसर, हस्तिदंताची असं तो म्हणत होता. दुसरा कासवाच्या पाठीसारखा तपकिरी, उघडला तर कापराचा वास आला. घ्यावा का?

टूलरूम

दोन्ही नको. हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे. तो खरा असो वा नसो, नादाला लागू नका. कापराचा वास येतो ती मूठ सेल्युलॉइडची. सेल्युलॉइड म्हातारं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि आतल्या आत पातं खाते. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या वस्तऱ्यालाही गंज लागतो. शिवाय ते भडकन पेट घेतं.

बाजारात वस्तरा निवडताना उजेडासमोर धारेची रेघ पहा, कुठे कपची आहे का. पाठीवर एकाच बाजूला रुंद सपाट घासलेला पट्टा असेल तर कुणीतरी चुकीचा घासलाय. पिनेजवळ हलवून पहा, पातं मिटताना मुठीच्या मधोमध यायला हवं. वरचा काळपटपणा चालतो, खड्डे चालत नाहीत. शिंगाची किंवा साध्या काळ्या प्लास्टिकची मूठ आपल्याला पुरे.

हिरडा

मी त्वचेची डॉक्टर आहे. हा धागा बघून बरं वाटलं, कारण दाढीनंतरच्या पुळ्या घेऊन येणारे तरुण आठवड्याला चार-पाच तरी असतात. थोडं माझ्या बाजूने.

दाढीचा केस पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की बराच मऊ होतो. म्हणून आंघोळीनंतर लगेच दाढी करा. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी उलटा हात कायमचा सोडावा. उलटं कापलेलं टोक कातडीच्या आत जातं आणि तिथेच वळून वाढतं. त्याची गाठ होते, काळा डाग राहतो. पिकलेल्या पुळ्या असतील त्या दिवशी वस्तरा नको.

तुरटी रक्तवाहिन्या आकुंचित करून बारीक कापा बंद करते. ओली करून हलकेच दाबून धरा, घासू नका, आणि मिनिटाभराने धुवून टाका. खोल काप असेल तर स्वच्छ रुमालाने पाच मिनिटं न उचलता दाबून धरायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन दर दहा वर्षांनी घ्यायचं असतं, ते कधी घेतलं होतं हे आठवून पहा.

वापरलेला वस्तरा घेणाऱ्यांसाठी: कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. आणला की आधी साबणाने आणि ब्रशने घासून मळ काढा, मग पातं ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा. ब्लीच वापरू नका, पोलादावर खड्डे पडतात. धार नव्याने लावून झाल्यावर पुन्हा हेच करा. आणि घरातल्या घरातसुद्धा एक वस्तरा दोघांनी वापरायचा नाही.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, मधुमेह ताब्यात नसेल, हाताला कंप असेल, तर हा नाद करू नये.

मुठेकाठ

डॉक्टर, तुमच्या शेवटच्या वाक्यावरच थांबलो. खरं कारण आता लिहितो.

दोन वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात उचलत नाही. चाळीस वर्षं ते एक दिवसाआड पेठेतल्या त्याच सलूनमध्ये दाढीला जायचे. आता जिना उतरवत नाही. काका घरी येतात, पण त्यांचंही वय झालंय, महिन्यातून दोनदाच जमतं. मधल्या दिवसांत मी मशीन फिरवतो. बाबा गालावर उलटा हात फिरवतात आणि काही बोलत नाहीत. वस्तरा शिकायला घेतला तेव्हा मनात होतं की हात बसला की बाबांची दाढी मीच करीन. त्यांना रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. मग हे सोडूनच द्यायचं का?

हिरडा

अखंड वस्तरा आणि शेवेट, दोन्ही त्यांच्यासाठी नको. त्यांच्या डॉक्टरांना विचाराच, पण दोन गोळ्या म्हटल्यावर मी तरी हो म्हणणार नाही. एखादा काप तासभर वाहत राहील. शिवाय अर्धांगाच्या बाजूला गालाला स्पर्श कमी कळत असेल तर तेही सांगू शकणार नाहीत. सौम्य असा साधा सेफ्टी रेझर किंवा कार्ट्रिज चालेल, केसांच्या दिशेने, एकदाच. गोळ्या दाढीसाठी बंद करायचा विचारही मनात आणू नका.

धोकटी

मुठेकाठ, डॉक्टरताई म्हणतात ते ऐका. पण तुमचे चार महिने वाया गेले असं समजू नका. दुसऱ्याची दाढी करताना जे लागतं ते तुम्ही शिकलाच आहात.

त्यांना खुर्चीत बसवा, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल, डोकं मागे टेकलेलं. तुम्ही मागे आणि किंचित उजवीकडे उभे रहा. समोरून करायला गेलात तर हात उलटे पडतात. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन मिनिटं चेहऱ्यावर ठेवा, नाक मोकळं. तापमान आधी आपल्या मनगटावर पहा. फेस ब्रशनेच करा आणि घाई न करता चेहऱ्यावरच घोळवा. माझे वडील म्हणायचे की गिऱ्हाईक निम्मं त्या ब्रशसाठी येतं. अर्धांगात एका बाजूचा गाल लोंबतो, तिथे ताण जास्त द्यावा लागेल. आतून ओठाच्या कोपऱ्यात बोट घालू नका, बाहेरून कानाकडे ओढा. वयाने गळ्याची कातडी सैल झालेली असते, ती खाली छातीकडे ओढून धरा आणि इंचभरच काढा, मग ब्रश पुन्हा. मधे मधे हात थांबवून त्यांना गिळू द्या, नाहीतर ठसका लागतो.

पानशेत

मुठेकाठ, कसबा पेठेतल्या दुकानात साधा सेफ्टी रेझर मिळतो, बंद दातांचा, फार सौम्य. मी उद्या तिकडे जाणारच आहे. तुम्हाला आणून ठेवू का?

मुठेकाठ

पानशेतदादा, मनापासून आभार. रेझर मिळाला. बाबांच्या डॉक्टरांनाही विचारलं, त्यांनी हिरडा यांनी सांगितलं तेच सांगितलं.

आज रविवार. सकाळी बाबांना गॅलरीत खुर्चीत बसवलं. फेस करायला मी माझीच वाटी घेतली, ब्रश त्यांच्यासाठी नवा आणला. गरम टॉवेल काढल्यावर त्यांनी डोळे मिटले ते फेस लावून होईपर्यंत उघडलेच नाहीत. डाव्या गालाला काहीच अडचण आली नाही. उजवा लोंबतो, तिथे सुरुवातीला रेझरपुढे तीच लाट दिसली. थांबलो, कानाकडे ताण वाढवला, लाट गेली. गळा इंच इंच करत केला. चाळीस मिनिटं लागली, रक्ताचा थेंब नाही.

झाल्यावर त्यांनी डावा हात उचलून उलट्या बोटांनी आधी गाल पाहिला, मग जबड्याखाली कंठाच्या बाजूला आले आणि तिथे थांबले. "इथं राहिलंय," म्हणाले. तिथे भोवरा आहे, धोकटीदादा. उद्या कापसाचा बोळा फिरवून पाहतो.